शंभरातले एकोणपन्नास

"पुन्हा कर," किन्हीकर सर म्हणाले.

पडद्यावर डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलचा फोटो होता. डावीकडच्या रांगेत वर एकच ठसठशीत रेघ. उजवीकडच्या रांगेत तीच रेघ, पण फिकी, आणि तिच्या खाली आणखी दोन. त्या खालच्या दोन रेघांसाठी मी चौदा महिने घासले होते, आणि सर मात्र चहात बुडवलेलं बिस्किट मोडायच्या आत तोंडात कसं घालावं या विवंचनेत होते.

"दोनदा केलंय, सर."

"मग तिसऱ्यांदा कर. तिसऱ्यांदा दिसल्या तर पेढे मी आणतो."

तिसऱ्यांदाही दिसल्या. पेढे काही आले नाहीत, पण सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटोला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "उमाठे, डबा उघडला वाटतं." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

ही अकरा वर्षांपूर्वीची, नागपूरची गोष्ट. आमची प्रयोगशाळा सिकलसेलवर काम करत होती. रक्ताच्या जनुकात एक अक्षर चुकतं, त्यामुळे तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने लोळतो. ते एक अक्षर दुरुस्त करायचं तर पेशीत तीन गोष्टी एकाच वेळी पोचाव्या लागतात: कापणारं प्रथिन, कुठे कापायचं हे सांगणारा वाटाड्या आरएनए, आणि बरोबर अक्षर असलेली नक्कल. या तिघांची कधी गाठ पडत नसे. म्हणून सरांनी डीएनएचाच एक सांगाडा बनवायचं ठरवलं. डीएनएचा एक लांब धागा घ्यायचा, त्याला दोनशे छोट्या धाग्यांनी जागोजाग टाके घालायचे, गरम करून सावकाश थंड करायचा, की तो आपोआप घडी होऊन चौकोनी पेटीसारखा बसतो. पेटीत तिघांच्या जागा ठरलेल्या. शोधनिबंधात त्याचं नाव दीड ओळीचं होतं. आम्ही त्याला डबा म्हणायचो.

डबा सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणा दिसे. पेशीत गेल्यावर मात्र चौदा महिने त्याने काडीचं काम केलं नव्हतं. एप्रिलमध्ये दिल्लीची समिती येणार होती आणि प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे ठरवणार होती. अशा वेळी त्या दोन रेघा दिसल्या. आमची चाचणी सोपी होती. निरोगी जनुक एका विकराने कापलं जातं आणि त्याचे दोन तुकडे खाली उतरतात. सिकलचं जनुक कापलं जात नाही, ते अखंड वरच राहतं. आमच्या उजव्या रांगेत निम्मं वर होतं, निम्मं खाली. म्हणजे निम्मी जनुकं दुरुस्त.

"कोणाचं रक्त?" सरांनी विचारलं.

"दाता क्रमांक सात. मार्चची नळी."

"आणि कंट्रोल?"

"सातचंच. फेब्रुवारीत गोठवलेलं. डबा न दिलेलं. त्यात फक्त वरची रेघ."

सरांनी मान डोलावली. खरं तर कंट्रोल त्याच दिवशीच्या रक्तातून घ्यायचं असतं, म्हणजे दोन नळ्या. पण या दात्रीचं हिमोग्लोबिन सातच्या वर कधी जात नसे आणि दर महिन्याला तिच्या दोन नळ्या भरताना मलाच कसंतरी व्हायचं. जानेवारीत मी सरांना म्हटलं होतं, माणूस तेच, रक्त तेच, एकदा कंट्रोल गोठवून ठेवू आणि पुढे एकच नळी घेऊ. सर "हं" म्हणाले होते. त्यांच्या "हं"ला आम्ही लेखी परवानगी समजत असू.

दाता क्रमांक सात म्हणजे शेवंता मडावी. वय चोवीस, गाव कुरखेड्याच्या पलीकडे. नागपुरात धाकट्या बहिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची आणि एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावायची. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी समोरच्या इस्पितळातल्या सिकलसेल ओपीडीत यायची, आजाराचं लाल कार्ड दाखवायची, हात पुढे करायची. नळी न्यायला मीच जात असे. दात्याला निकाल सांगायचा नाही, त्याच्याशी फार गप्पाही मारायच्या नाहीत, असा सरांचा नियम होता. शेवंताला तो कोणी सांगितलेला नव्हता.

"सुधरलं का जी माह्यं रक्त?" ती दर खेपेला विचारायची.

"अजून नाही."

"बरं. मंग पुढच्या म्हयन्यात."

एकदा मी विचारलं, "सुधारलं तर काय करशील?"

"रोवण्याले जाईन." तिकडच्या बायका पुढचंही 'मी येतो, मी जातो' असंच सांगतात, पण हे ती दूरचं असल्यासारखं 'जाईन' म्हणाली. "आमच्या इथं जुलै लागला का साऱ्या बाया धानाच्या बांदीत उतरतात. गाणे म्हणतात, चिखल फेकतात अंगावर. मी बांधावर बसून सैपाक करतो. दहा वर्साची होतो तवा एक डाव उतरलो, तं पंधरा दिवस सरकारी दवाखान्यात. थंड पाणी चालत नाई न जी मले."

"एवढं काय त्या भाताच्या रोवणीत? कंबर मोडते."

"मोडू द्या ना," ती म्हणाली. "बाकीच्याईची मोडते, माह्यीच कायले शाबूत ठेवाव?"

मी हसले. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

तर त्या दोन रेघा तिसऱ्यांदा दिसल्या त्या दिवशी सरांनी बजावलं, "जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचून बंगलोरच्या लॅबचा अहवाल येईपर्यंत कोणाजवळ ब्र काढायचा नाही." मी हो म्हटलं आणि पुढच्याच मंगळवारी, शेवंता औषध न्यायला आली होती तेव्हा, तिला सांगून मोकळी झाले. माझ्या पोटात मावतच नव्हतं. ओपीडीच्या बाकावर तिच्याशेजारी बसून मी मोबाइलवर तो फोटो उघडला.

"ही वरची रेघ आजाराची. या खालच्या दोन चांगल्या रक्ताच्या. प्रयोगशाळेतल्या बशीत तुझं निम्मं सुधारलंय."

तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "अर्धं?"

"अर्धं. पण बशीत, हं. तुझ्या अंगात नाही. अंगात जायला अजून वर्षं लागतील."

"किती वर्सं?"

"पाच. दहा. सांगता येत नाही."

"पण होते."

"होतं," मी म्हणाले.

तिने फोन परत दिला आणि पदराने डोळे पुसले. मग कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "अर्धं म्हंजे लय झालं जी." मला त्या दिवशी देवाने स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली असं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. सरांनी तो माझ्याआधी उघडला होता. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते कागदावर पेन्सिल आडवी ठेवून बसले होते.

"शंभरातली एकोणपन्नास जनुकं निरोगी," ते म्हणाले.

"बघा सर!"

"बघतोय. खूण कुठे आहे?"

आम्ही डब्यात जी बरोबर अक्षराची नक्कल घालत होतो, तिच्यात शेजारचं एक बिनमहत्त्वाचं अक्षर मुद्दाम बदललेलं होतं. त्याने रक्ताला काही होत नाही, पण आमच्या हातून दुरुस्त झालेलं जनुक ओळखू येतं. शिंप्याने आपल्या शिलाईत वेगळ्या रंगाचा एक टाका घालावा तसं. मी अहवालाची पानं उलटली. एकोणपन्नासातल्या एकातही ती खूण नव्हती.

"ही आपली दुरुस्ती नाही," सर म्हणाले.

"मग कोणाची?"

"कोणाचीच नाही. ही जनुकं आधीपासूनच बरोबर होती. ज्याचं हे रक्त आहे, त्याचं एक जनुक आईकडून सिकलचं आलंय आणि एक बापाकडून चांगलं. किंवा उलट. नुसता वाहक आहे तो. एएस पॅटर्न. उमाठे, ही नळी सातची नाही."

 "सातचीच आहे सर. चिठ्ठी..."

"चिठ्ठी सातची असेल."

मी धावत गेले. मार्चच्या नळीतल्या काही पेशी, डबा न दिलेल्या, फ्रीझरच्या तळाशी पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांची चाचणी केली. एक रेघ वर, दोन खाली. डबा न देताही. त्याच दिवशीच्या रक्तातून कंट्रोल घेतलं असतं, तर पहिल्याच दुपारी हे कळलं असतं. दया म्हणून वाचवलेली एक नळी आम्हाला अशी महागात पडली.

सर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मार्चची नळी तू स्वतः आणलीस?"

"नाही. त्या दिवशी डबा थंड होत होता, मला मशीन सोडता येईना. शिपायाबरोबर मागवली. ओपीडीतल्या नेहमीच्या भोयर सिस्टरही रजेवर होत्या. बदलीच्या सिस्टरने कार्ड बघून रक्त घेतलं."

"आणि दात्याला काही बोललीस?"

मी अहवालाची पानं पुन्हा जुळवू लागले. सरांना उत्तर मिळालं.

"मग आता जाऊन सांग," ते म्हणाले. "समितीला मी सांगतो, तिला तू. तिला आधी."

विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी इथपर्यंत सांगते. कंट्रोल नेहमी त्याच दिवशीचं, त्याच रक्तातलं घ्यावं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. तेवढं पुरे असतं.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी मी ओपीडीत गेले तेव्हा बाकावर शेवंता नव्हती, तिची बहीण रेवती होती. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ, मांडीवर कॉलेजची बॅग. शेवंता औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी आहे, असं तिने सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं. तेच कपाळ, तीच हनुवटी. कार्डावरच्या जुन्या, पुसट फोटोशी ताडून पाहणाऱ्या नव्या माणसाला फरक कळला नसता.

"रेवती, मार्चमध्ये ताईच्या ऐवजी तू रक्त दिलंस का?"

ती दचकली. मग बॅगेचा पट्टा पिळत म्हणाली, "तुमाले कसं समजलं?"

"समजलं. का दिलंस?"

"ताई वर वॉर्डात होती जी. तीन दिवसापासून दुखत होतं तिले, सलाईन चालू होतं. तेच्यात ती म्हणे, आज मंगळवार, मॅडमचं काम अडते. मी म्हटलं, एका बापाच्या पोरी आपण, रक्त तं एकच न. तिच्या पिशवीतून कार्ड घेतलं न खाली आलो. तिले नाई सांगतलं. रागावली असती."

मला तिच्यावर चिडता येईना. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं आणि वर स्वतःला शहाणी समजले असते.

"तुझी तपासणी झाली होती कधी?"

"आश्रमशाळेत शिबिर आलं होतं. मी सुईच्या भेवानं संडासात लपून बसलो." ती किंचित हसली. "मले कुठं काय होते?"

"होणार नाही. पण तुझं एक जनुक सिकलचं आहे. तू वाहक आहेस. तुला स्वतःला त्रास नाही, मात्र लग्न ठरलं की आधी मुलाचं कार्ड बघायचं. त्याचंही तसंच असेल तर मुलांना ताईसारखा आजार होऊ शकतो. भोयर सिस्टर तुझी रीतसर तपासणी करतील, कार्ड देतील. कळतंय ना मी काय म्हणते?"

तिने मान हलवली. मला वाटलं, आता ती स्वतःविषयी काही विचारेल. वीस वर्षांच्या मुलीला असं काही सांगितल्यावर ती जे विचारेल, त्याची उत्तरं मी येताना तयार करून आणली होती. तिने बॅगेचा पट्टा सोडला. मग तिचा चेहरा हळूहळू पालटला.

"मॅडम, ते अर्धं सुधरलं म्हणून तुमी ताईले सांगतलं, ते माह्यं रक्त होतं?"

"हो."

"म्हंजे ताईचं काहीच नाई सुधरलं?"

"नाही."

"थोडकं बी नाई?"

"नाही, रेवती."

ती रडायला लागली. आवाज न करता, मान खाली घालून, बॅगेवर टपटप. स्वतःच्या बातमीवर तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. "तिले नका सांगू जी," ती म्हणाली. "पाया पडतो तुमच्या. एक म्हयन्यापासून ती गुणगुणत शिलाई करून रायली. माह्यं मी सांगतो तिले, वाहक का काय ते. तिचं नका सांगू."

तेवढ्यात शेवंता औषधं घेऊन आली. बहिणीचे डोळे पाहून थबकली. "काय झालं वं तुले?"

"कचरा गेला," रेवती म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

शेवंता माझ्याशेजारी बसली. बाही वर सारली, हात पुढे केला. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच तिने 'सुधरलं का' असं विचारलं नाही.

"अर्धं तं झालं," ती म्हणाली. "आता बाकीचं अर्धं बी होईल न जी?"

मी सांगायला आले होते. वाक्य घोकून आले होते. नळीवर चिठ्ठी चिकटवत, तिच्याकडे न बघता, मी म्हणाले, "हो."

"मंग मी रोवण्याले जाईन?"

"हो. जाशील."

संध्याकाळी सरांनी विचारलं, "सांगितलंस?" त्यांनाही मी हो म्हणाले.

एप्रिलअखेर सरांनी समितीपुढे तक्ता ठेवला. त्यात दुरुस्तीच्या रकान्यात शून्य होतं आणि झालेली चूक पहिल्याच परिच्छेदात लिहिलेली होती. समितीने प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि प्रकल्प सप्टेंबरअखेर बंद करायला सांगितलं. डबा कुठे अडत होता, हे पुढे दुसऱ्याच कोणीतरी शोधून काढलं. मे आणि जूनचे दोन मंगळवार मी शिपायालाच पाठवलं. जुलैत शेवंता आली नाही, आणि खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भोयर सिस्टरचा फोन आला. "तुमची सात नंबर वॉर्डात आहे. आठ दिवस झाले."

ती उशीला टेकून बसली होती. उजव्या पायाला वजन बांधलं होतं. खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नव्हतं. ते हाड आता कधी पूर्ववत होणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं. चेहरा पिवळा पडला होता, ओठ सुकले होते. मला पाहून तिने पलंगाची कड थोपटली.

"बसा न मॅडम. चार दिवस लावला जी मी."

"काय?"

"धान. गावी गेलो होतो. चार दिवस बांदीत होतो, गुडघ्याइतक्या चिखलात. पाचव्या दिवशी उठता नाई आलं." तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "रोपाची पेंडी सोडायची न तीन-तीन काड्या रोवायच्या. मले वाटे, जमनार नाई. माह्या काकीहून सरळ लावला मी."

मला ते सहन होईना. माझ्या एका शब्दावर ही पोरगी पाण्यात उतरली होती. मी खाली बघत सगळं सांगून टाकलं. नळी, रेवती, एकोणपन्नास, शून्य. "मी खोटं बोलले, शेवंता. तुझं काहीच सुधारलं नव्हतं. मी हो म्हटलं नसतं तर तू गेली नसतीस."

"माईत आहे मले," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"त्याच दिवशी घरी गेल्यावर रेवतीनं सारं सांगतलं. तिच्या पोटात राह्यते का काही? मले म्हणे, मॅडमवर नको रागावू, मीच म्हटलं होतं त्याईले." पाय जरा हलवताच तिने डोळे मिटून घेतले, कळ जाऊ दिली, मग पुन्हा बोलू लागली. "तवाच मी ठरवलं का यंदा जायचं."

"अगं, कळलं होतं तर का गेलीस?"

"चवदा म्हयने तुमी मले 'अजून नाई' म्हणत होत्या. मी वाट पाहे. 'अजून नाई' म्हंजे कवातरी आहे. त्या दिवशी तुमी हो म्हटल्या." ती माझ्याकडे सरळ बघत होती. आवाजात राग नव्हता. "मंग मी वाट पाहाची सोडली. होणारं असतं, तं तुमी खरं सांगतलं असतं."